जुनी गाडी, बंद गॅरेज आणि पेट्रोलचा वास

माझ्या मामांकडे १९६८ सालची एक मोटार आहे. पुण्यात त्यांच्या बंगल्याच्या कडेला तिच्यासाठी बांधलेले छोटेसे गॅरेज आहे. या गॅरेजची आतली भिंत म्हणजेच मामींच्या स्वयंपाकघराची भिंत आणि त्या भिंतीत एक दार. दर रविवारी गाडीची धुणीपुसणी होते, एक फेरफटका होतो आणि गाडी पुन्हा आत जाते. तक्रार एकच, वासाची. स्वयंपाकघरात पेट्रोलचा भपकारा आला की मामी म्हणतात, "तुमची लाडकी आज पुन्हा पिऊन आलेली दिसते!"

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा, म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरून आणलेली, झेंडूच्या माळा तयार. वास नेहमीपेक्षा अधिकच होता. तो घालवावा म्हणून मामी गॅरेजमध्ये उदबत्ती लावायला निघाल्या. त्यांच्या हातातली काडेपेटी पाहून मी जवळजवळ ओरडलोच, "मामी, काडी ओढू नका!" त्या थोड्या रागावल्या. त्यांचा राग घालवता घालवता जे बोलणे झाले आणि पुढे मामांच्या गाडीची जी तपासणी झाली, तीच आज तुमच्यापुढे मांडतो. फियाट, अँबॅसडर, जुन्या जीपगाड्या हौसेने सांभाळणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तुमच्या आळीतही एखादे असेल.

चार थेंबांचा प्रताप

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे. ४ पासून १२ पर्यंत कार्बन अणू असलेल्या शेकडो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. त्यातली हलकी मंडळी नेहमीच्या तापमानालाच द्रव सोडून हवेत पळतात. तुमच्या नाकाला वास येतो तो या पळालेल्या रेणूंचा. म्हणून पहिली गोष्ट ही, की वास म्हणजे पेट्रोलचे बाष्प. ज्या हवेला वास आहे त्या हवेत पेट्रोल आहे, मग जमिनीवर एक थेंबही दिसत नसला तरी.

ते किती असते? थोडे गणित करू. १ लिटर पेट्रोलचे पूर्ण बाष्पीभवन झाले तर सुमारे २०० लिटर बाष्प होते. मामांचे गॅरेज ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच आहे, म्हणजे त्यात ३७,५०० लिटर हवा मावते. हवेच्या दहा लाख भागांत पेट्रोलचा एखाददुसरा भाग असला तरी पुष्कळांच्या नाकाला तो कळतो. ३७,५०० लिटरचा दहा लाखावा भाग म्हणजे ३७.५ मिलिलिटर बाष्प. त्याला २०० ने भागा. उत्तर येते ०.१९ मिलिलिटर. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर हे झाले जेमतेम चार थेंब! एवढ्याने सारे गॅरेज वासाने भरते.

आता आग लागण्याची गोष्ट. हवेत पेट्रोलचे बाष्प शेकडा १.४ पेक्षा कमी असेल तर ते मिश्रण पेट घेत नाही. शेकडा ७.६ च्या वर गेले तरी घेत नाही, कारण मग हवा अपुरी पडते. या दोहोंच्या मध्ये मात्र एक ठिणगी पुरते. शेकडा १.४ म्हणजे दहा लाखांत १४,०००. तेव्हा नुसता वास आला म्हणजे स्फोट जवळ आला असे नाही. मग मी मामींवर ओरडलो का?

कारण बाष्प खोलीभर सारखे पसरलेले नसते. ते हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. वारा नसेल तर ते पाण्यासारखे जमिनीलगत साचते, उताराकडे वाहते, दाराच्या फटीखालून पलीकडे जाते. पुन्हा गणित करा. सगळ्या गॅरेजमध्ये १.४ टक्के बाष्प व्हायला ५२५ लिटर बाष्प, म्हणजे अडीच लिटरांहून जास्त पेट्रोल लागेल. पण ते बाष्प जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या थरातच राहिले तर? त्या थराचे घनफळ ४,५०० लिटर आणि त्याचे १.४ टक्के म्हणजे ६३ लिटर बाष्प. त्याला पेट्रोल लागते ३१५ मिलिलिटर, पाणी प्यायच्या मोठ्या पेल्याएवढे. उभ्या माणसाच्या नाकाला सौम्य वास येत असताना त्याच्या पोटऱ्यांभोवतीची हवा पेटण्याजोगी असू शकते. आणि उदबत्तीचे घर, निरांजन, पणती आपण कोठे ठेवतो? गाडीच्या चाकाशी, जमिनीवर!

अमेरिकेत घरगुती गॅरेजमध्ये पाणी तापवण्याचे बंब बसवतात. त्यांची ज्योत वा ठिणगी जमिनीपासून किमान १८ इंच उंच असावी असा नियम तेथे आहे, तो याच कारणासाठी.

केरोसीनशी तुलना केली तर पेट्रोलचा स्वभाव आणखी स्पष्ट होतो. द्रवाच्या पृष्ठभागावर पेटण्याइतके बाष्प ज्या किमान तापमानाला जमते त्याला प्रज्वलनबिंदू म्हणतात. आपल्याकडे स्टोव्हच्या केरोसीनचा प्रज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पेट्रोलचा आहे सुमारे उणे ४३ अंश. हिमालयातल्या कडाक्याच्या थंडीतही पेट्रोल पेटायला तयार असते. पुण्याच्या ऑक्टोबरबद्दल काय बोलावे?

मामांचे नाक आणि मामींचे नाक

"मला तर काही वास येत नाही बुवा," हे मामांचे नेहमीचे वाक्य. ते खोटे बोलत नव्हते. एकच वास सतत येत राहिला तर नाक काही मिनिटांतच तो सांगायचे सोडून देते. मामा तासभर गॅरेजमध्ये काम करीत असत, मामी स्वयंपाकघरातून ताज्या नाकाने येत. अशा बाबतीत बाहेरून आलेल्याचे नाक खरे मानावे.

उदबत्तीने किंवा सुगंधी फवाऱ्यानेही हेच होते. पेट्रोलचा एक रेणूसुद्धा त्यामुळे कमी होत नाही, फक्त दुसरा जोरदार वास त्याच्यावर पांघरला जातो आणि सूचना देणारे नाकच निकामी होते. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन असते. ते दीर्घकाळ श्वासावाटे जात राहिले तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. भारतात सध्याच्या मानकानुसार पेट्रोलमध्ये बेंझिन शेकडा १ पेक्षा अधिक असता कामा नये. प्रमाण थोडे आहे, पण गॅरेजला लागून झोपायची खोली असेल तर रोज रात्री थोडे थोडे ते घ्यायचे काही कारण नाही.

गाडी श्वास घेते

बंद ठेवलेल्या गाडीतून बाष्प येते कोठून? जुनी गाडी श्वास घेते, असे म्हटले तरी चालेल.

टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असते. पेट्रोल खर्च होते तशी बाहेरची हवा त्यातून आत येते. दुपारी टाकी तापते. टाकीतली रिकामी जागा २० लिटर असेल आणि तापमान १५ अंशांनी वाढले, तर नुसती हवाच शेकडा ५, म्हणजे १ लिटर प्रसरण पावते. त्यातच उष्णतेने आणखी पेट्रोलची वाफ होते आणि तीही जागा मागते. हे सारे भोकातून बाहेर पडते. रात्री टाकी गार होते, ताजी हवा आत ओढली जाते, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तोच प्रकार. गाडी महिनाभर जागची हलली नाही तरी तिचा दिवसाला एक श्वास आणि एक उच्छ्वास चालूच असतो.

मग हे भोकच बुजवले तर? मामांनी ते एकदा करून पाहिले होते. भोकात मेण भरले. वास कमी झाला खरा, पण कात्रजच्या घाटात गाडी आचके देऊन बंद पडली. झाकण उघडताच 'सुस्स्' करून हवा आत गेली आणि गाडी निमूट सुरू झाली. पेट्रोल वापरले जात होते आणि त्याच्या जागी हवा येत नव्हती. टाकीत दाब इतका कमी झाला की पंपाला पेट्रोल ओढता येईना. वातावरणाच्या दाबावर परीक्षेत टीप लिहायची झाली तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

दुसरी जागा कार्बोरेटर. आजच्या गाड्यांत तो नसतो. त्यांत पेट्रोल बंद नळ्यांतून दाबाने येते आणि बारीक फवाऱ्याने इंजिनात सोडले जाते. जुन्या कार्बोरेटरात एक लहानशी वाटी असते. तरंगणारा फ्लोट आणि सुईसारखी झडप यांच्या साहाय्याने तिच्यातली पेट्रोलची पातळी राखली जाते. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो ना, तसेच. ही वाटी बाहेरच्या हवेला उघडी असते. गाडी फिरून आली की इंजिन बंद होते, पंखा थांबतो आणि इंजिनाची सारी उष्णता वर चढून या वाटीला लागते. पेट्रोलचे हलके घटक उकळू लागतात. म्हणून गाडी परतल्यावर पहिला अर्धा तास वास सर्वांत जास्त येतो. यात बिघाड काही नाही, जुन्या गाडीचा तो स्वभावच आहे. सुईच्या झडपेत कचरा अडकून वाटी भरून वाहू लागली, तर मात्र तो बिघाड.

तिसरी जागा रबराच्या नळ्या. त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

रबर, अल्कोहोल आणि एक कोडे

नळी फुटलेली नसली तरी पेट्रोल तिच्यातून बाहेर येऊ शकते. त्याचे रेणू रबराच्या आतल्या पृष्ठभागात विरघळतात, लांबलचक रेणूंच्या जाळीतून सरकत सरकत बाहेरच्या बाजूला पोचतात आणि हवेत उडून जातात. याला पारगमन म्हणतात. नळी कोरडी दिसते, पण तिला हात लावून बोट हुंगले तर वास येतो.

१९६८ सालच्या गाडीसाठी जे रबर निवडले होते, ते त्या काळच्या पेट्रोलसाठी. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे आपल्या उसाच्या मळीपासूनही बनणारे अल्कोहोल, मिसळलेले असते. भारतात २०२२ साली हे प्रमाण शेकडा १० वर पोचले, आणि २०२३ पासून शेकडा २० इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. देशाचे परकीय चलन वाचावे आणि शेतमालाला गिऱ्हाईक मिळावे हा त्यामागचा हेतू. पण जुन्या प्रकारची काही रबरे इथेनॉलच्या संगतीत फुगतात, मऊ पडतात आणि पुढे वाळली की तडकतात. तेव्हा जुन्या गाडीच्या नळ्या, वॉशर आणि पंपातला पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घेणे हा वासावरचा पहिला खर्च. फ्लोरिनयुक्त रबराच्या नळ्या महाग पडतात, पण त्यांतून पारगमन फारच कमी होते.

आता कोडे. ३७.८ अंश तापमानाला इथेनॉलचा बाष्पदाब सुमारे १६ किलोपास्कल असतो आणि पेट्रोलचा साधारण ५० ते ६०. म्हणजे इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी उडणारे. मग १० टक्के इथेनॉल मिसळले तर मिश्रणाचा बाष्पदाब थोडा उतरायला हवा. प्रत्यक्षात तो काही किलोपास्कलने चढतो! असे का?

शुद्ध इथेनॉलमध्ये रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात, म्हणून ते सहज उडत नाहीत. ते थोड्या प्रमाणात पेट्रोलमध्ये विखुरले गेले की भोवती सगळे हायड्रोकार्बन आणि हात धरायला सोबती कोणी नाही. अशा एकट्या पडलेल्या रेणूला द्रव सोडून जाणे सोपे होते. रसायनशास्त्राच्या शिक्षकांना राऊल्टचा नियम शिकवताना त्याच्या अपवादाचे हे घरगुती उदाहरण देता येईल.

तपासणी

मी मामांना एक वही दिली आणि सांगितले, "वास केव्हा येतो ते दोन आठवडे लिहून ठेवा." मामा बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे नोंदी चोख झाल्या. गाडी परतल्यावर अर्धा तास वास, ही नोंद अपेक्षितच होती. दुसरी नोंद महत्त्वाची होती. टाकी भरून आणली की दोन-तीन दिवस दुपारी उग्र वास येई. टाकी अर्ध्यावर आली की तो जवळजवळ नाहीसा होई.

विचार करा. झाकणाच्या भोकातून येणारा वास टाकी अर्धी रिकामी असताना उलट वाढायला हवा, कारण बाष्पाला जागा जास्त. पंपाकडे जाणाऱ्या नळीत गळती असती तर टाकी भरलेली असो वा अर्धी, वास आला असता. टाकी पूर्ण भरल्यावरच पेट्रोल पोचते अशी जागा कोणती? टाकीचा गळा!

मेकॅनिकने डिकीतली फळी काढली. पेट्रोल भरण्याचे तोंड आणि टाकी यांना जोडणारी आखूड जाड रबरी नळी वरून ठाकठीक दिसत होती, पण खालच्या बाजूला बोटभर लांबीची चीर होती. पेट्रोलचे आकारमान दर अंशाला सुमारे हजारात एक भाग वाढते. टाकीत ३५ लिटर असेल आणि तापमान १५ अंश वाढले, तर अर्धा लिटरहून अधिक पेट्रोल जास्तीची जागा मागते. भरलेल्या टाकीत ही जागा म्हणजे तो गळा, आणि गळ्याला चीर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नेमके तेच घडत होते. मघाचा ३१५ मिलिलिटरचा पेला आठवतो ना?

नळी बदलली, क्लिपा नव्या आल्या, झाकणाखालचा वाळलेला बुचाचा वॉशरही गेला. तेव्हापासून मामा टाकीचा दहावा भाग रिकामा ठेवतात. मेकॅनिकने आणखी एक गोष्ट दाखवली. इंजिनातले तेल मोजायची पट्टी काढून हुंगली. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल किंवा तेलाची पातळी आपोआप चढत असेल, तर पंपातला पडदा फाटून पेट्रोल तेलात उतरते आहे असे समजावे. मामांच्या गाडीत तसे नव्हते.

वासाचा पिंजरा

नव्या गाड्यांना वास का येत नाही? त्यांच्या टाकीचा उच्छ्वास बाहेर न जाता क्रियाशील कोळशाच्या डब्यात जातो. या कोळशाच्या एका ग्रॅमला असंख्य सूक्ष्म छिद्रांमुळे १,००० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. त्यावर बाष्पाचे रेणू चिकटून बसतात. हे अधिशोषण. इंजिन सुरू झाले की डब्यातून हवा ओढली जाते, रेणू सुटतात आणि इंजिनात जळून जातात.

याची कथा सुरू झाली कॅलिफोर्नियात. एरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ तेथे अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होते. लॉस एंजेलिस शहरावरच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुक्याकडे त्यांचे लक्ष वळले. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले, की हवेतले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडून हे धुके तयार होते. गाडीच्या धुराबरोबरच तिच्यातून उडून जाणारे पेट्रोलही त्याला कारण होते. १९७० सालच्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियाने आणि पुढच्या वर्षीपासून साऱ्या अमेरिकेने या बाष्पावर बंधन घातले. आज हे बाष्प मोजण्यासाठी गाडी एका हवाबंद खोलीत ठेवतात. खोलीतले हायड्रोकार्बन भारतीय मानकांनुसार एका चाचणीत २ ग्रॅमपेक्षा जास्त भरता कामा नयेत. मामांची गाडी त्या खोलीत नेली असती तर निकाल काय लागला असता, तो विषय आम्ही काढला नाही.

मामांनी विचारले, "मग गॅरेजमध्ये कोळशाची पिशवी टांगू का?" नको. कोळसा भरला की त्याचे काम संपते, आणि दुपारी तापला की धरलेले बाष्प तो परत सोडतो. गाडीतला डबा चालतो, कारण इंजिन त्याला दर फेरीत रिकामे करते. काही हौशी लोक जुन्या गाडीला असा डबा जोडून घेतात, पण ते काम जाणत्याचे आहे.

गॅरेजचे उपाय साधे निघाले. गाडी परतली की बॉनेट उघडून ती अर्धा तास अंगणात गार होऊ द्यायची. बाष्प खाली साचते, म्हणून गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत दोन जाळ्या आणि समोरच्या भिंतीत वर एक झरोका. साधा पंखा बसवायचा नाही, कारण त्याच्या मोटारीत व बटणात ठिणगी उडू शकते. स्वयंपाकघराच्या दाराखाली रबरी पट्टी लावली, कारण पलीकडेच फ्रिज होता. सांडलेल्या पेट्रोलवर कोरडी वाळू टाकून ती उघड्यावर नेऊन पसरायची, पाण्याने गटारात ढकलायचे नाही, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत दूरवर जाते. वास उग्र असेल तर दिव्याच्या बटणालाही हात लावण्याआधी बाहेरचे दार उघडायचे. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन क्षणभरही चालवायचे नाही, कारण त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

दसऱ्याची पूजा झाली ती अंगणात, आंब्याखाली. निरांजन मामींनीच ओवाळले.

करून पाहा

पेट्रोल घेऊन कोणताही प्रयोग करू नका. रबरातून वास कसा पार होतो हे पाहायला साधा फुगा पुरे. फुगवण्यापूर्वी ड्रॉपरने त्यात व्हॅनिला इसेन्सचे चार-पाच थेंब सोडा. बाहेरून एकही थेंब लागू देऊ नका. फुगा फुगवून घट्ट बांधा आणि बुटांच्या रिकाम्या खोक्यात झाकून ठेवा. तासाभराने खोके उघडून हुंगा. मग दुसरा फुगा उन्हात ठेवलेल्या खोक्यात आणि तिसरा गार जागेतल्या खोक्यात ठेवून वास यायला किती वेळ लागतो ते मोजा. वेळ मोजणारे नाक दर खेपेस वेगळे, ताजे असावे.